दस्तुरीपलीकडचे ओझे : माथेरानची वाहनबंदी आणि रहिवाशांचे आक्षेप

नेरळहून निघालेली टॅक्सी घाटाची वळणे चढत दस्तुरी नाक्यावर येते आणि तिथेच थांबते. पुढे गाडीला वाट नाही. बाजारपेठ अजून अडीच-तीन किलोमीटर लांब असते आणि ते अंतर पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीने कापायचे असते. माथेरानवर लिहिणारा बहुतेक प्रत्येक जण या नाक्यापासून सुरुवात करतो आणि पलीकडे काय नाही ते सांगतो : हॉर्न नाही, धूर नाही, घाई नाही. ते सगळे खरे आहे. या लेखात मला पलीकडे काय आहे ते सांगायचे आहे.

मी कर्जत तालुक्यात वाढलो. माझी एक मावशी माथेरानला दिली होती. शाळेच्या सुट्टीत तिच्याकडे जाताना दस्तुरीला उतरले की मला परदेशात आल्यासारखे वाटे. पुढे मावशीचे गुडघे गेले. दवाखान्यासाठी खाली यायचे तर घरापासून दस्तुरीपर्यंत हातरिक्षाशिवाय गत्यंतर नव्हते. रिक्षा ओढणारा तिच्या ओळखीचाच असे, कधी शेजारचा, कधी तिने लहानपणी खाऊ दिलेला. त्याला घामाघूम होताना पाहत मागे बसून राहायची तिला लाज वाटे. त्यामुळे ती खाली येणेच टाळू लागली. शेवटची काही वर्षे तिने त्या पठारावरच काढली. वाहनबंदीविषयी तिने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. तिला गाड्या नकोच होत्या. तिची अडचण वेगळी होती, आणि ती नेमकी कोणती होती हे समजायला मला फार वेळ लागला.

मी कायद्याचा पदवीधर नाही, पर्यावरणशास्त्राचाही नाही. गेली काही वर्षे अधिसूचना, न्यायालयाचे आदेश, जुनी गॅझेटियर आणि वर्तमानपत्रांची कात्रणे जमवत गेलो, दस्तुरीला वारंवार गेलो, लोकांशी बोललो. त्यातून जे कळले ते इथे मांडतो.

वाहनबंदी आली कुठून?

१८५०च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने या डोंगरावर चढले. तेव्हा कर्जतचा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. मॅलेटनी माथेरान ‘शोधले’ असे म्हणायची पद्धत आहे; पण उतारावरच्या ठाकर, कातकरी आणि धनगर वाड्यांना हा डोंगर पूर्वापार माहीत होता. मॅलेटनी इतकेच केले की साहेबलोकांना तो दाखवला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन इथे आले, बंगले उठले, नेरळकडून वाट तयार झाली.

साहेबलोक तट्टांवर, पालखीत किंवा डोलीत बसून वर येत आणि सामान हमालांच्या डोक्यावरून येई. तेव्हा मोटार नव्हतीच, मग बंदी कसली? पण वर जाणारी प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी अंगावरून जाते, हा माथेरानचा रिवाज त्या काळातच पडला.

पहिला बदल रेल्वेने केला. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे सोळा लाख रुपये खर्चून दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधला. १९०४मध्ये काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी नेरळ-माथेरान गाडी धावली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज असे थांबे घेत वीस-एकवीस किलोमीटर वळणे घेणारी ही गाडी आज पर्यटकांची हौस समजली जाते. बांधली तेव्हा ती वाहतुकीचे साधन होती. त्याच सुमारास, १९०५मध्ये, इथे नगरपालिका आली. याच गावात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल पुढे या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला आणि आसपासच्या शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठारांची चळवळ चालवली. बंगल्यांच्या माथेरानइतकेच हे दुसरे, कष्टकऱ्यांचे माथेरानही जुने आहे. पर्यटनाच्या पुस्तिकांत मात्र ते फारसे दिसत नाही.

नेरळपासून दस्तुरीपर्यंत मोटाररस्ता झाला तेव्हा त्याला पुढे येऊ द्यायचे नाही, असा निर्णय झाला. सवयीचा नियम झाला आणि पुढे नियमाचा कायदा. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले. हे क्षेत्र सुमारे २१४ चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे माथ्यावरचे गाव त्याचा लहानसा भाग, बाकी उतार, जंगल आणि पायथ्याचा प्रदेश. नगरपरिषदेच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब वगळता मोटारवाहनांना मज्जाव राहिला. बांधकाम, वृक्षतोड, जमिनीचा वापर यांवरही निर्बंध आले आणि देखरेखीसाठी सनियंत्रण समिती नेमण्यात आली.

या अधिसूचनेने काय वाचवले, ते महाबळेश्वर-पाचगणीकडे पाहिले की कळते. तेही क्षेत्र २००१च्या जानेवारीत संवेदनशील घोषित झाले, पण तिथे गाडी गावात जाते. मे महिन्यातल्या शनिवारी महाबळेश्वरच्या बाजारपेठेतून चालून पाहावे आणि मग त्याच दिवशी माथेरानच्या पॅनोरमा पॉइंटकडे जावे. बंदी हवी की नको, हा प्रश्न मग फार वेळ शिल्लक राहत नाही.

बंद केलेले ओझे जाते कुठे?

रस्ता वाहनांना बंद केला म्हणजे त्यावरची ये-जा थांबत नाही. गावाला तांदूळ लागतो, गॅस सिलिंडर लागतो, सिमेंटची गोणी आणि औषधे लागतात. हॉटेलात पाहुणे येतात, त्यांच्या बॅगा येतात, त्यांचा कचराही होतो. म्हाताऱ्यांना दवाखाना लागतो आणि मुलांना शाळा. इंजिन बाजूला काढले की हे सगळे दुसऱ्या कुणाला तरी वाहावे लागते. माथेरानात ते तिघे वाहतात : माणूस, घोडा आणि छोटी आगगाडी.

त्यांपैकी आगगाडीचा भरवसा धरता येत नाही. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७चा मार्च उजाडला. २०१६च्या मे महिन्यात डबे घसरले आणि गाडी बंद झाली. २०१९च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला. नेरळपासूनची सेवा परत सुरू झाली ती २०२२च्या ऑक्टोबरात. एरवीही पावसाळ्याचे चार महिने नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो, अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते.

मग उरतात माणूस आणि घोडा. प्रवासी वाहणारे साडेचारशेच्या आसपास घोडे आणि हातरिक्षांचे ९४ परवाने, ही गेल्या काही वर्षांत न्यायालयापुढे आणि वर्तमानपत्रांत सतत आलेली संख्या. हातरिक्षा एकट्याने चालवता येत नाही. पुढे एक जण दांडी धरून ओढतो, मागून एक किंवा दोघे ढकलतात. म्हणजे ९४ परवान्यांवर दोन-अडीचशे माणसांच्या चुली. चढावर मागच्याचा दम लागतो आणि उतारावर पुढच्याचा कस लागतो, कारण गाडीला ब्रेक म्हणून त्याचे शरीरच असते. पावसात लाल जांभ्याची माती शेवाळते, तेव्हा हे काम आणखी धोक्याचे होते.

मावशीचा पेच मला इथे उलगडला. तिला बंद रस्त्याचा त्रास नव्हता. बंद रस्त्याचे मोल आपल्याच गावातल्या दुसऱ्या माणसाने भरावे, याचा होता. वाहनबंदीने शांतता दिली हे खरेच. त्याबरोबर गावाने एक ओझेही उचलले आणि ते सगळ्यांनी सारखे उचलले नाही. माथेरानातल्या आक्षेपांचा गुंता त्या असमान वाटणीतून सोडवत गेले, तर बराच सुटतो.

आक्षेप एक नाही, चार आहेत

बाहेरून पाहणाऱ्याला माथेरानात दोनच पक्ष दिसतात : पर्यावरणवाले आणि विकासवाले. प्रत्यक्षात निदान चार वेगवेगळे आक्षेप आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात.

पहिला हातरिक्षावाल्यांचा. माणसाने माणसाला ओढणे बंद व्हावे, अशी मागणी खुद्द ओढणाऱ्यांनीच केली, ही इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. त्यांच्या संघटनेने अनेक वर्षे अर्जविनंत्या केल्या आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय गाठले. त्यांनी मोटारी मागितल्या नाहीत. बॅटरीवर चालणारी, धूर न सोडणारी रिक्षा मागितली, आणि तीही आमच्याच हाती द्या असे म्हटले.

दुसरा आक्षेप सर्वसाधारण रहिवाशांचा. वरच्या किराणा मालाच्या भावात दस्तुरीपासूनची हमाली मिसळलेली असते. शाळकरी मुलांची रोजची पायपीट, बाळंतिणीची आणि म्हाताऱ्यांची अडचण, उन्हाळ्यात लाल माती आणि घोड्यांची लीद एकत्र होऊन उडणारी धूळ ही त्यांची गाऱ्हाणी. २००१च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ५,१३९ होती. २०११मध्ये ती ४,३९३ झाली. ही घट एकट्या वाहनबंदीने झाली, असे मी म्हणणार नाही. घरबांधणीवरचे निर्बंध, शिक्षण, नोकऱ्या अशी कारणे असणारच. पण डोंगरावर राहणे किती अवघड, हा विचार माथेरानच्या प्रत्येक तरुण जोडप्याला करावा लागतो.

तिसरा आक्षेप घोडेवाल्यांचा, इथल्या शब्दांत अश्वपालांचा. तो ई-रिक्षाविरुद्ध आहे. दस्तुरीहून पर्यटक ई-रिक्षात बसला की घोड्याची फेरी गेली. घोड्याला मात्र धंदा होवो न होवो, रोज चारा लागतो. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो, त्याला आणि स्वाराला इजा होते, असेही त्यांचे म्हणणे होते. पर्यावरणाचा मुद्दा ते आणखी पुढे नेतात : आज बॅटरीची रिक्षा आली, उद्या टेम्पो येईल, परवा मोटार. ही भीती स्वार्थातून आली म्हणून खोटी ठरत नाही. निसर्गप्रेमी मंडळीही नेमके हेच बोलतात, आणि बंदीला एकदा पडलेले भोक रुंदच होत जाते हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

चौथा आक्षेप सगळ्यांत कमी ऐकू येतो. तो उतारावरच्या वाड्यांचा. आसलवाडी, किरवली वाडी, बेकरेवाडी, जुम्मापट्टी अशा आदिवासी आणि धनगर वाड्या माथ्यावरच्या गावात नाहीत आणि पायथ्याच्या गावातही नाहीत. तिथले लोक माथेरानात कामाला जातात, रानमेवा-भाजी विकतात आणि संध्याकाळी पायवाटेने परततात. रस्त्याची त्यांची मागणी जंगलजमीन आणि संवेदनशील क्षेत्राच्या नियमांतून वाट काढत वर्षानुवर्षे फिरते आहे. या भागात आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. पर्यटकाच्या दृष्टीने वाहनबंदी दस्तुरीला सुरू होते. वाडीतल्या बाईच्या दृष्टीने ती तिच्या उंबरठ्यावर सुरू होते, आणि तिच्यासाठी अमन लॉजची गाडी नाही, घोडा नाही की हातरिक्षाही नाही.

या चौघांपैकी ‘बंदी उठवा, मोटारी येऊ द्या’ असे म्हणणारा मला क्वचितच भेटला. बाहेरच्या चर्चेत नेमके हेच हरवते. तिथे आक्षेप घेणारा तो निसर्गाचा शत्रू, असे ठरवून टाकलेले असते.

पायलट प्रकल्प ते निकाल

१२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प करून पाहण्यास परवानगी दिली. त्यानुसार त्या वर्षीच्या डिसेंबरात सात ई-रिक्षा दस्तुरी ते बाजारपेठ मार्गावर धावू लागल्या. प्रयोग तीन महिन्यांचा होता. भाडे प्रवाशाला ३५ रुपये आणि विद्यार्थ्याला पाच रुपये. या पाच रुपयांनी गावाचे मत बदलले, असे मला अनेकांनी सांगितले. पाठीवर दप्तर घेऊन चढ चढणारी मुले रिक्षात बसून शाळेत गेली. प्रयोगाची मुदत संपून रिक्षा उभ्या राहिल्या तेव्हा लोकांना पूर्वीपेक्षा जास्त चुकचुकल्यासारखे झाले. नसलेल्या सोयीची सवय असते; मिळून गेलेली सोय मात्र सलते.

मग वाद सुरू झाला तो रिक्षा कुणाच्या यावर. प्रयोगात त्या नगरपरिषदेच्या व्यवस्थेखाली चालल्या. हातरिक्षावाल्यांचे म्हणणे असे की आम्ही लढा दिला तो दुसऱ्याच्या गाडीवर चालक होण्यासाठी नव्हे. २०२४च्या जानेवारीत न्यायालयाने स्पष्ट केले की या रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच, त्यांची रोजी जाते तिच्या भरपाईसाठी, द्यायच्या आहेत. त्याच वर्षी ई-रिक्षांची संख्या वीसवर मर्यादित झाली. वाटपात खरे हातरिक्षावाले किती, यावरही तक्रारी झाल्या आणि न्यायालयाला जिल्हा न्यायाधीशांमार्फत चौकशी करून घ्यावी लागली. पेव्हर ब्लॉकचा वाद समांतर चालूच होता. मातीची धूप थांबवायला ते हवेत, अशी एक बाजू. पाणी मुरत नाही, घोडे घसरतात आणि रस्ता गुळगुळीत झाला की गाडी येतेच, अशी दुसरी. मधल्या काळात पेव्हर बसवायला स्थगितीही मिळाली होती.

२०२५च्या मार्चमध्ये गावाने बेमुदत बंद पुकारला. दस्तुरीला उतरणाऱ्या पर्यटकांची दिशाभूल होते, गाडी नाही, रिक्षा नाही असे सांगून त्यांच्याकडून जादा पैसे घेतले जातात, ही त्यामागची मुख्य तक्रार. दुकाने आणि हॉटेले बंद राहिली. प्रशासनाशी बोलणी झाल्यावर बंद लवकरच मागे घेण्यात आला. इथेही मूळ तेच आहे. बंद रस्त्याच्या तोंडाशी, नाक्यावर, माहितीचीच टंचाई होते आणि टंचाई आली की दलाल येतो.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने निकाल दिला. स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे होत असताना माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा चालू राहणे हे घटनेने दिलेल्या सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या वचनाशी विसंगत आहे, असे सांगून सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. गुजरातमध्ये केवडियाला, सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात, स्थानिक आदिवासी स्त्रियांना ई-रिक्षा भाड्याने चालवायला देण्याची योजना आहे. तिच्या धर्तीवर राज्य सरकारने पुनर्वसनाची योजना आखावी, खरे हातरिक्षावाले कोण ते समितीने ठरवावे आणि त्यांना देऊन उरलेल्या रिक्षा आदिवासी स्त्रिया व इतर स्थानिकांना द्याव्यात, असे त्यात आहे. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले आहे. पेव्हर ब्लॉकबाबत मधला मार्ग निघाला : दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर ते बसवता येतील, आतल्या रस्त्यांवर नाही.

या निकालात १९८०च्या एका जुन्या खटल्याचा आधार आहे, त्याकडे लक्ष वेधतो. पंजाबात सायकलरिक्षाचा परवाना मालक-चालकालाच मिळेल असा कायदा झाला होता. हेतू चांगला, पण भाड्याच्या रिक्षा चालवणारे हजारो गरीब एका फटक्यात बेकार होणार होते. आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या त्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी कायदा नुसता वैध किंवा अवैध ठरवला नाही. बँकेच्या कर्जातून रिक्षा चालकाच्या मालकीच्या होतील अशी योजनाच निकालात घातली. बंदी करायची तर ज्याची भाकरी तिच्यावर आहे त्याची सोय आधी झाली पाहिजे, हे तत्त्व तिथून माथेरानपर्यंत आले.

महाराष्ट्राला हे तत्त्व अपरिचित नाही. पाठीवर गोणी वाहणाऱ्यांचे प्रश्न पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९५५पासून आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीने मांडले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. ओझे ही निसर्गदत्त गोष्ट नसून ती कुणीतरी कुणावर तरी टाकलेली असते, हे या चळवळींनी शिकवले. माथेरानचा वाद त्याच परंपरेत बसतो. आपण तो पर्यटनाच्या पुरवणीत वाचतो म्हणून ते लक्षात येत नाही.

इतरांनी काय केले?

स्वित्झर्लंडमधले झरमॅट हे गावही गाड्यांना बंद आहे. पाहुणे अलीकडच्या टेश गावात गाडी सोडून आगगाडीने वर येतात. गावात मात्र विजेवर चालणाऱ्या छोट्या, हळू धावणाऱ्या गाड्या आहेत. गरज दाखवेल त्यालाच परवाना. गाव शांत राहिले आणि कुणाला माणूस ओढावा लागला नाही. याचे रहस्य बंदीत नाही, वर्षभर वेळेवर धावणाऱ्या आगगाडीत आहे. ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर मोटारी नाहीत. तिथे सामान खेचरे आणि गाढवे वाहतात, कचरागाडी आणि रुग्णवाहिका यांसारख्या मोजक्या वाहनांनाच सूट आहे. आपले घोडेवाले हे उदाहरण देऊ शकतील.

कोलकात्याने उलटा धडा दिला. तिथे २००६मध्ये विधानसभेने हातरिक्षा बंद करण्याचा कायदा केला, पण ओढणाऱ्यांनी पुढे काय करायचे याचे उत्तर न मिळाल्याने रिक्षा पुढेही वर्षानुवर्षे चालत राहिल्या. लंडनमध्ये २०२०नंतर अनेक वस्त्यांतले रस्ते आरपार वाहतुकीला बंद केले गेले. तिथले आक्षेप वाचताना मला दस्तुरी आठवली : रुग्णवाहिकेचे काय, अपंगांचे काय, आणि आमच्या गल्लीतली वाहतूक हद्दीवरच्या मोठ्या रस्त्यावर गेली तर तिथे राहणाऱ्यांचे काय? आपल्याकडे हा हद्दीवरचा रस्ता म्हणजे नेरळचा घाट. सुट्टीच्या दिवशी दस्तुरीचा वाहनतळ भरला की गाड्यांची रांग घाटात उतरते. माथ्यावरच्या शांततेचा काही हिशेब नेरळकर चुकते करतात.

फेब्रुवारीनंतर

निकालाने सहा महिन्यांची मुदत दिली होती. २०२६च्या फेब्रुवारीत ती संपणार होती. तेव्हा हातरिक्षा थांबल्या का, एवढेच पाहिले जाईल अशी मला धास्ती होती. थांबवणे सोपे आहे. एका सकाळी परवाने जमा करून घेतले की झाले. पण त्या सकाळी ई-रिक्षा पुरेशा नसतील, किंवा त्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतील, तर ज्यांनी ही प्रथा संपवायची लढाई दिली तेच उपाशी राहतील.

घोडेवाल्यांनाही या हिशेबात जागा हवी. दस्तुरी-बाजारपेठ हा धावपळीचा टप्पा रिक्षाकडे गेला, तरी पॉइंटांवरची मातीची वाट घोड्यासाठी राखता येते. आतल्या रस्त्यांवर पेव्हर नको, या आदेशाने तशी शक्यता ठेवलीही आहे. ई-रिक्षांची संख्या, मार्ग आणि वेग यांची मर्यादा कडक ठेवली तरच ‘उद्या टेम्पो येईल’ ही भीती खोटी ठरेल. आणि वाड्यांच्या रस्त्यांचा विचार गावाच्या रस्त्यापासून वेगळा काढून करायला हवा. झोळीतल्या रुग्णासाठी लागणारी वाट आणि पर्यटकाच्या गाडीसाठी लागणारा रस्ता या दोन गोष्टी आहेत. संवेदनशील क्षेत्राचा नियम दोन्हींना एकाच मापाने मोजत असेल, तर ते माप तपासायला हवे.

बंदीच्या बाजूचा माणूस म्हणून मी हे लिहितो आहे. दस्तुरीचा नाका कधीही उघडू नये, असे मला मनापासून वाटते. परंतु नाका बंद ठेवायचा खर्च आजवर ज्यांनी दिला त्यांची नावे आपल्या लेखी नव्हती. आपल्या मुंबईच्या पाहुण्याला मिळणाऱ्या दोन दिवसांच्या निवांतपणात दोन-अडीचशे माणसांची फुप्फुसे खर्ची पडत होती, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत आपण बोललो नाही.

गेल्या महिन्यात दस्तुरीला गेलो होतो. पाऊस ओसरत आला होता, माती अजून ओली होती. बाजाराकडून एक हातरिक्षा येत होती. आत एक वृद्ध बाई, मांडीवर पिशवी, पुढे ओढणारा पन्नाशीचा. नाक्याजवळ आल्यावर त्याने दांडी खाली टेकवली, बाईंना हात देऊन उतरवले आणि कपाळ पुसले. मी विचारले, फेब्रुवारीनंतर काय? तो म्हणाला, “रिक्षा मिळाली तर चालवीन. नाही मिळाली तर हिलाच रंग देऊन दारात ठेवीन. नातवंडांना सांगीन, आजोबा हे ओढत होता.”

बाई टॅक्सीकडे निघाल्या होत्या. जाताना त्यांनी मागे वळून त्याला सांगितले, संध्याकाळच्या आत परत येते, थांब. तो थांबणार होताच. त्यांना वर न्यायला दुसरे काही नव्हते.